पहिल्या रात्रीचा कागद

सिनेमातली पोरगी कुणाला फाशी द्या असं म्हणत नाही. ती एक कागद मागते. शंभर मिनिटं, म्हणजे पडद्यावरची अख्खी रात्र, ती त्या एका कागदासाठी या दारातून त्या दारात फिरते आणि प्रत्येक दारातला माणूस तिला पुढचं दार दाखवतो.

सिनेमा ट्युनिशियाचा, भाषा अरबी. कौथर बेन हनिया या दिग्दर्शिकेचा हा सिनेमा 2017 साली कानच्या महोत्सवात दाखवला गेला. मूळ नाव ‘अला कफ इफ्रित’, बाहेरच्या जगात तो ‘ब्यूटी अँड द डॉग्ज’ म्हणून गेला. मरियम ही कॉलेजात शिकणारी मुलगी एका पार्टीला जाते. स्वतःचा ड्रेस फाटला म्हणून मैत्रिणीचा निळा ड्रेस अंगावर आहे. एका मुलाशी ओळख होते. पुढच्या दृश्यात ती रस्त्यानं धावतेय. मधलं दिग्दर्शिकेनं दाखवलेलंच नाही, आणि माझ्या मते या सिनेमाचा सगळ्यात मोठा शहाणपणा तोच. आपले सिनेमे ते दाखवतात, पार्श्वसंगीत लावून दाखवतात, आणि मग उरलेला वेळ बदला घेण्यात जातो. इथं अत्याचार करणारे पोलीसच होते हे आपल्याला तिच्या तुटक बोलण्यातून कळतं. नऊ प्रकरणं आहेत, एकेक प्रकरण सलग चित्रित केलेलं. मधे कुठं तुकडा पडत नाही, त्यामुळे ती जेवढा वेळ काउंटरपुढे उभी, तेवढा वेळ आपणही उभे.

खासगी दवाखान्यात तिला ओळखपत्र मागतात. ते पर्समध्ये आहे, आणि पर्स राहिली पोलिसांच्या गाडीत. सरकारी दवाखान्यात सांगतात, आधी पोलिसांचं पत्र आणा. पत्र आणायचं ठाण्यातून, आणि गुन्हेगारही ठाण्यातलेच. एवढीच गोष्ट. कुणी तिच्यावर धावून येत नाही असं नाही, पण तिला खरं दमवतात ती साधी, कंटाळलेली, ड्यूटी संपायची वाट बघणारी माणसं.

कथा खऱ्या घटनेवरून घेतली आहे. सप्टेंबर 2012 मध्ये ट्युनिस शहरात एका तरुणीवर पोलिसांनी बलात्कार केला. तिनं तक्रार केल्यावर तिच्यावरच सार्वजनिक ठिकाणी अश्लील वर्तन केल्याचा ठपका ठेवायची तयारी झाली. देश पेटला, राष्ट्राध्यक्ष मोन्सेफ मारझुकी यांना तिची माफी मागावी लागली. 2014 साली दोघा पोलिसांना सात वर्षांची शिक्षा झाली, अपिलात ती पंधरा वर्षांवर गेली. म्हणजे न्याय मिळाला. सिनेमा मात्र त्या न्यायाआधीच, पहाटेपाशी थांबतो.

मी तो अकोल्याला, घरच्या लॅपटॉपवर पाहिला. भाची अमरावतीला शिकते, गाडगेनगरकडे रूम करून राहते. तिच्या दोन रूममेटसोबत शेगावला दर्शनाला निघाली होती, रात्री मुक्काम आमच्याकडे. सिनेमा संपल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मी मास्तरासारखा प्रश्न टाकला. अमरावतीत रात्री अकरा वाजता कुणावर अशी वेळ आली तर आधी कुठं जायचं?

एक म्हणाली, ठाण्यात. दुसरी म्हणाली, इर्विनला. भाची म्हणाली, “इर्विनला कायले? बायांचं तर डफरीनले असते ना.” त्यावरून तिघींचा थोडा वाद झाला. शेवटी जी ठाण्यात म्हणाली होती तीच हळूच म्हणाली, “खरं सांगू का मामा? मी कुठंच नाही जाणार. रूमवर जाईन, आंघोळ करीन, न्‌ झोपून राहीन.”

तिघी पदवीच्या वर्गातल्या. एक तर स्पर्धा परीक्षेची तयारी करते, राज्यघटनेची कलमं तिला पाठ आहेत. जिल्हा रुग्णालय आणि जिल्हा स्त्री रुग्णालय यांची इंग्रजांच्या काळातली नावं अमरावतीकरांच्या तोंडून अजून जात नाहीत, तसंच अकोल्यात लेडी हार्डिंग. पण त्या इमारतींच्या आत रात्री अकरा वाजता नेमक्या कोणत्या खिडकीपुढे उभं राहायचं, हे कुणीच कधी कुणाला सांगितलेलं नाही. मीही सांगितलं नव्हतं. मलाही त्या रात्री ते शोधूनच काढावं लागलं.

उत्तर असं आहे की कोणत्याही दारात गेलं तरी चालतं. दवाखान्यानं आधी पोलिसांचं पत्र आणा म्हणायचं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2000 साली कर्नाटकातल्या एका प्रकरणात सांगून ठेवलं आहे. तिथल्या एका खेड्यातल्या डॉक्टरनं नेमकं ट्युनिसमधल्यासारखंच केलं होतं. 2013 च्या सुधारणेनं तर सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाला अशा बाईवर ताबडतोब आणि फुकट उपचार करणं बंधनकारक केलं, नकार देणं हा गुन्हा ठरवला. ठाणेदारानं तक्रार लिहून घेतली नाही तर तोही गुन्हा. हद्द आमची नाही, असं सांगायची सोय नाही, शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवायचा आणि मग तो पाठवून द्यायचा. 1 जुलै 2024 पासून नवे कायदे आले, कलमांचे आकडे बदलले, या गोष्टी तशाच आहेत. आमच्याकडे पोलीस निरीक्षकाला अजून ठाणेदार म्हणतात, म्हणून मीही तोच शब्द वापरतो. त्यात जो एक जुना दरारा आहे, तोही या विषयाचाच भाग आहे.

म्हणजे कागदोपत्री आपण ट्युनिसच्या त्या रात्रीच्या पुष्कळ पुढे आहोत. ही वाट फार लांबची होती, आणि तिचा मोठा भाग विदर्भातूनच गेला आहे.

26 मार्च 1972 च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, चौदा ते सोळा वर्षांच्या एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याची तक्रार झाली. आरोपी दोन पोलीस. देशभरच्या कायद्याच्या पुस्तकांत हे प्रकरण त्या मुलीच्याच नावानं शिकवलं जातं. पीडितेचं नाव उघड करू नये, हा कायदा 1983 साली आला, तो बऱ्याच अंशी तिच्यामुळे आला, आणि तिला स्वतःला मात्र त्याचा उपयोग झाला नाही. म्हणून मी इथं तिचं नाव लिहीत नाही. तेवढं तरी.

त्या रात्रीचा तपशील निकालपत्रात आहे. मुलगी ठाण्याच्या आत, बाहेर तिचे नातेवाईक आणि जमाव. जमाव खवळला, ठाणं जाळू म्हणाला. मग प्रमुखाला बोलावलं गेलं, त्यानं लोकांची समजूत घातली आणि तिचा जबाब लिहून घेतला. वैद्यकीय तपासणी दुसऱ्या दिवशी रात्री झाली, वीसेक तासांनी. अंगावर जखमा नाहीत, असं लिहिलं गेलं. योनिपटल आधीच फाटलेलं आहे आणि दोन बोटं सहज आत जातात, असंही लिहिलं गेलं.

पुढचं सगळं या दोन वाक्यांवर उभं राहिलं. सत्र न्यायालयानं 1974 साली आरोपींना सोडलं, मुलीला शरीरसंबंधांची सवय आहे हे धरून. 1976 साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं ते उलटवलं. धाकापुढे मुकाट्यानं झुकणं म्हणजे संमती नव्हे, हा फरक नागपूरच्या न्यायमूर्तींना त्या काळात दिसला, याची नोंद आपण वैदर्भीयांनी फारशी ठेवलेली नाही. 1978 साली सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा दोघांना सोडलं. अंगावर खुणा नाहीत, म्हणजे विरोध केला नसणार. त्यावर सप्टेंबर 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चौघा कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. ठिकठिकाणी बायका रस्त्यावर आल्या, आणि 1983 साली कायदा बदलला. पोलिसांच्या ताब्यात असताना असं घडलं आणि संबंध झाल्याचं सिद्ध झालं, तर ‘माझी संमती नव्हती’ हे बाईचं म्हणणं न्यायालयानं गृहीत धरायचं, असं ठरलं.

हा इतिहास लेखांतून, भाषणांतून अनेकदा येतो आणि इथंच संपतो. पत्र, मोर्चे, कायदा. पण ती दोन बोटं? ती तर तशीच राहिली. संसदेनं कलम बदललं, डॉक्टरच्या हातातला नमुना कुणी बदलला नाही. पुढची तीसेक वर्षं देशभरातल्या दवाखान्यांत डॉक्टर बोटं घालत राहिले आणि ‘सवय असलेली’ असं लिहीत राहिले. कारण त्यांना पुस्तकात तेच शिकवलं होतं आणि परीक्षेत तेच विचारलं जात होतं.

ती ओळ खोडायचं काम पुन्हा आपल्याच बाजूनं सुरू झालं. अमरावतीपासून दोन-अडीच तासांवर सेवाग्राम. तिथल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले न्यायवैद्यकाचे प्राध्यापक डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी 2010 साली या तपासण्यांचा दर्जा किती दयनीय आहे याचा सविस्तर अहवाल तयार केला. त्याच्या आधारे रंजना पारधी यांची जनहित याचिका नागपूर खंडपीठात दाखल झाली. याचिकेवर तारखा पडत राहिल्या, आणि 2013 साली महाराष्ट्रानं तपासणीची नवी पद्धत आणि नवे नमुने लागू केले. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानंही ही दोन बोटांची चाचणी बाईच्या खासगीपणाचा भंग करते, असं म्हटलं. 2014 साली केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं मार्गदर्शक सूचना काढल्या. कौमार्याच्या खुणा हा धडा नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठानं अभ्यासक्रमातून काढला तो 2019 साली. तरीही 31 ऑक्टोबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा एकदा सांगावं लागलं की जो कुणी ही चाचणी करील तो गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल.

देसाईगंजपासून मोजलं तर एक ओळ खोडायला पन्नास वर्षं लागली. त्या पन्नास वर्षांत आपण केवढ्या घोषणा दिल्या! पण ती ओळ घोषणांनी खोडली गेली नाही. एका माणसानं हजार कागद वाचले आणि नमुन्यातल्या कोणत्या रकान्यात काय चूक आहे ते दाखवून दिलं, म्हणून ती गेली. असल्या कामाला मिरवणूक निघत नाही. सेवाग्रामला पर्यटक बापूकुटी पाहायला जातात, आणि त्यात गैर काही नाही, पण त्याच गावात हेही झालं आहे हे वऱ्हाडातल्या किती वकिलांना ठाऊक असेल, अशी मला शंका आहे.

आता जरा सरकारी योजनांची नावं बघा. केंद्राचा निधी निर्भया. पोलिसांचं पथक दामिनी. महाराष्ट्रात 2013 साली पीडितांना अर्थसाहाय्य देणारी योजना आली, तिचं नाव मनोधैर्य. 2021 च्या डिसेंबरात फाशीची तरतूद असलेलं विधेयक विधिमंडळानं मंजूर केलं, त्याचं नाव शक्ती. राष्ट्रपतींच्या संमतीशिवाय ते अडकून पडलं, ती गोष्ट वेगळी. सगळी नावं धैर्याची, विजेची, बळाची. एकाही योजनेचं नाव ‘खिडकी क्रमांक चार’ असं नाही.

ही केवळ शब्दांची गंमत नाही. पोरगी धीट असली तर न्याय मिळेल, हे गृहीतक त्या नावांत लपलेलं आहे. सत्काराच्या भाषणात आपण तेच बोलतो, शाळेत कराटे शिकवताना तेच सांगतो. मरियम मुळीच धीट नाही. ती रडते, खोटं बोलते, सही करायला तयार होते, पळून जाऊ बघते. सुरुवातीला तक्रारीचा हट्ट तिच्याहून तिच्यासोबतच्या मुलाचा जास्त आहे. ज्या व्यवस्थेत भित्र्या पोरीला न्याय मिळत नाही, त्या व्यवस्थेत धीट पोरीला मिळतो तो न्याय नव्हे, बक्षीस असतं. पासपोर्ट काढायला धैर्य लागत नाही, सातबारा काढायला चिकाटी लागते पण शौर्य लागत नाही. मग बलात्काराची तक्रार नोंदवायलाच झाशीची राणी का व्हावं लागावं?

आणि धैर्य पुरतं तरी कुठं? मार्च 2021 मध्ये मेळघाटातल्या हरिसालच्या वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी सरकारी रिव्हॉल्व्हरनं स्वतःला गोळी घातली. जंगल तस्करांशी भिडणारी दबंग बाई म्हणून त्यांचं नाव होतं, अंगावर वर्दी होती. मागे ठेवलेल्या पत्रात वरिष्ठाच्या छळाबद्दल लिहिलं होतं, आणि त्याच्याही वरच्या अधिकाऱ्याला सांगून उपयोग झाला नाही, असंही लिहिलं होतं. यापेक्षा धीट बाई वऱ्हाडानं कुठून आणावी? तिला कमी पडलं ते धैर्य नव्हतं. तिची तक्रार वाचून तिच्यावर आवक क्रमांक टाकणारा, आणि मग त्या क्रमांकाला उत्तर देणं भाग असणारा माणूस तिला मिळाला नाही.

त्याच्या वर्षभर आधी, फेब्रुवारी 2020 मध्ये, हिंगणघाटला एका प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवून मारलं गेलं. सगळा विदर्भ हादरला होता. त्याच आठवड्यात अमरावती जिल्ह्यात चांदूर रेल्वेच्या एका महाविद्यालयाच्या विद्यार्थिनींना शपथ दिली गेली: आम्ही प्रेमविवाह करणार नाही. शिक्षकांचा हेतू वाईट असेल असं मला वाटत नाही. घाबरलेला बाप घरी जे करतो तेच त्यांनी सभेत केलं. पण पेटवलं पुरुषानं आणि शपथ पोरींनी घ्यायची, हा हिशेब कुठल्या पाटीपहाड्यात बसतो? शपथ घेतल्यानं पोरी सुरक्षित झाल्या नाहीत, फक्त एक झालं. उद्या त्यातल्या एखादीवर तिच्याच ओळखीच्या मुलानं अत्याचार केला, तर तोंड उघडण्याआधी तिला ती शपथ आठवेल. ती तक्रारदार होण्याआधी शपथ मोडणारी ठरेल. ट्युनिसच्या ठाण्यात मरियमला तिच्या ड्रेसबद्दल विचारतात, ते याच जातीचं.

याच्या उलट एक गोष्ट अकोला जिल्ह्यात घडली, तिच्याबद्दल मला मनापासून काही लिहायचं आहे आणि थोडंच लिहिता येणार आहे. ऑगस्ट 2024. बदलापूरच्या शाळेतल्या चिमुरड्यांच्या प्रकरणानं राज्य पेटलं होतं. तिथं पालकांना ठाण्यात तासन्‌तास ताटकळावं लागलं होतं, आणि चार दिवसांनी लोक रेल्वे रुळांवर उतरले तेव्हा मंत्रालय हललं. देसाईगंजच्या जमावाला बावन्न वर्षं झाली होती. त्याच दिवसांत बाळापूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या सहा मुलींची तक्रार पुढे आली, शिक्षक अश्लील चित्रफिती दाखवतो आणि अंगाला हात लावतो अशी. गावाचं नाव तेव्हा सगळीकडे छापून आलं. मुलांच्या संरक्षणाचा पॉक्सो कायदा मात्र म्हणतो की नावच काय, शाळा आणि वस्तीही ओळखू येईल असं काही छापू नका, म्हणून मीही छापत नाही. बातम्यांप्रमाणे गोष्ट उघड झाली ती मुलांसाठीच्या टोल फ्री क्रमांकावर गेलेल्या फोनमुळे. बालकल्याण समितीची माणसं शाळेत आली, मुलींशी बोलली, गुन्हा दाखल झाला, शिक्षकाला अटक झाली.

यात मोर्चा नव्हता, मशाल नव्हती. आठवीच्या वयाच्या पोरी होत्या. त्यांना कुणी निर्भया म्हणालं नाही आणि त्यांना तसं असायची गरजही पडली नाही. एक नंबर होता, तो लागला, पलीकडच्या माणसानं ऐकलं आणि लिहून घेतलं. पुढे न्यायालयात जे व्हायचं ते पुराव्यानं होईल. पण ती पहिली पायरी अशी गुपचूप, बिनशौर्याची पार पडली, हे मला त्या वर्षातल्या सगळ्या भाषणांपेक्षा मोठं वाटतं. शाळाशाळांत सखी सावित्री समित्या नेमा असं सरकारनं मार्च 2022 मध्येच सांगितलं होतं. किती ठिकाणी त्या फलकापुरत्या आहेत हे कुठल्याही शाळेत जाऊन बघावं. महाविद्यालयांतली लैंगिक छळाविरुद्धची समितीही तशीच, तिला अजून सगळे विशाखाच म्हणतात. मी एका कॉलेजच्या जिन्याखाली तिचा फलक पाहिला आहे. अध्यक्षांच्या नावापुढे ‘निवृत्त’ असं कुणीतरी पेननं लिहिलं होतं, आणि भ्रमणध्वनी क्रमांकात नऊच आकडे होते.

इथं एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. कागद इतका सोपा केला तर खोट्या तक्रारींचं काय? येतात खोट्या तक्रारीही. जमिनीच्या भांडणात, मोडलेल्या लग्नात, गावच्या राजकारणात येतात, कोर्टात बसणाऱ्या कुणालाही विचारा. पण खोटी तक्रार उघडी पडते ती कशानं? वेळेवर झालेल्या तपासणीनं, लाखेनं सील केलेल्या पाकिटानं, पंचांच्या खऱ्या सहीनं, अमरावतीच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत वेळेत पोचलेल्या नमुन्यानं. निर्दोष माणसाला वाचवणारा कागद आणि पीडितेला न्याय देणारा कागद एकच असतो. घोटाळा होतो तो कागद नसला की. मग उरतं तिचं तोंड आणि त्याचं तोंड, आणि अशा वेळी आपण तिचा ड्रेस आणि त्याची जात बघून निर्णय घेतो. 2022 साली देशात बलात्काराचे 31,516 गुन्हे नोंदले गेले, आणि निकाल लागलेल्या शंभरातले सत्तावीस-अठ्ठावीसच शिक्षेपर्यंत गेले. उरलेल्या सगळ्या बायका खोटं बोलल्या, असं फक्त पारावर बसून म्हणता येतं.

दुसरा आक्षेप मला जास्त त्रास देतो, कारण तो सज्जनांचा आहे. शिक्षा कडक करा, सगळं ठीक होईल. शिक्षा जेवढी जड, तेवढा ती देणारा हात आखडतो, हे साधं मानसशास्त्र आहे. 19 जानेवारी 2021 चा नागपूर खंडपीठाचा तो निकाल आठवा. आमच्या परतवाड्याच्या न्यायमूर्ती पुष्पा गनेडीवाला यांनी कपड्यांवरून केलेला स्पर्श पॉक्सोखालच्या लैंगिक हल्ल्यात बसत नाही असं ठरवलं, आणि सगळ्या देशानं त्यांना धारेवर धरलं. निकाल चुकीचाच होता, सर्वोच्च न्यायालयानं तो 18 नोव्हेंबर 2021 रोजी रद्द केला. पण टीकेच्या गदारोळात त्यातला एक युक्तिवाद कुणी वाचला नाही. त्यांचं म्हणणं होतं की या कलमाची शिक्षा कडक आहे, म्हणून पुरावाही तसाच कडक आणि आरोपही तसाच गंभीर हवा. तीन वर्षांच्या किमान शिक्षेनं जर न्यायालय गुन्ह्याची व्याख्या आखडून घेतं, तर फाशीनं काय करील?

आणि बदलापूरच्या आरोपीचं काय झालं तेही आठवा. सप्टेंबर 2024 मध्ये पोलिसांच्या गाडीत गोळी लागून तो मेला, ‘बदला पुरा’ असे फलक लागले, आणि पुढे दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पाच पोलिसांवर ठपका आला. फलक लावणाऱ्यांना वाटलं, पोरींना न्याय मिळाला. शाळेनं वेळेत का कळवलं नाही, ठाण्यात पालकांना का थांबवलं, हे त्याच्या खटल्यात, साक्षीदारांच्या तोंडून उघडं पडलं असतं. गोळीनं ती फाईलच बंद केली. गोळी झटपट असते, त्यात कुणाला काही लिहावं लागत नाही. म्हणूनच ती आपल्याला आवडते.

या सगळ्याबद्दल मी इतक्या तावातावानं लिहितो, त्याचं एक कारण आहे आणि ते मी त्या तिघी पोरींना सांगितलं नाही.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. संध्याकाळच्या बसनं अमरावतीहून अकोल्याला निघालो होतो. गाडी खच्चून भरलेली. बडनेरा सोडल्यावर मागच्या बाजूला एक कॉलेजची पोरगी एकदम उभी राहून ओरडली. शेजारच्या माणसानं काय केलं ते तिनं सगळ्यांसमोर सांगितलं, शब्द न गाळता. दोन मिनिटं गाडीत शांतता. मग कुणीतरी म्हणालं, “जाऊ दे व बाई, तू इकडं येऊन बस.” कंडक्टर म्हणाला, गाडी ठाण्यात घेतली तर दोन तास जातील, पॅसिंजरचं काय. लोकांनी माना डोलावल्या. मीही घड्याळ पाहिलं. माझं लग्न ठरलेलं होतं, सासरची मंडळी घरी यायची होती.

पोरगी रडली नाही. तिनं दप्तरातून प्रॅक्टिकलची वही काढली, मधलं पान फाडलं, वर तारीख घातली, गाडीचा नंबर कंडक्टरला विचारून लिहिला, वेळ लिहिली. खाली रेघा ओढल्या. मग धक्के खात, दांड्याला धरून ती एकेका सीटपाशी आली आणि नाव-गाव-सही मागू लागली. दोन बायांनी सह्या केल्या, एकीनं अंगठा उमटवला, पेनाची शाई बोटाला चोळून. एक म्हातारा म्हणाला, मले दिसलं नाही पोरी, पण आयकू आलं, तसं लिही. तिनं तसंच लिहिलं.

माझ्यापाशी आली तेव्हा मूर्तिजापूर जवळ आलं होतं आणि तो माणूस दारात जाऊन उभा राहिला होता. तिनं पान माझ्या मांडीवर ठेवलं. मी नाव खरं लिहिलं. मग ती म्हणाली, “गाव लिहा ना काका, पोलीस आले तर सापडले पाहिजे.”

मी मूर्तिजापूर लिहिलं. मूर्तिजापूरला मी कधीच राहिलो नाही.